क्विल्बीचे दोन हॉल

क्विल्बीचा भूगोल एका ओळीत संपतो. चारी बाजूंना नजर पोचेल तिथवर सपाट गव्हाचं रान, त्यात एकच खोलगट जागा, आणि सगळं पाणी जिथे साचतं नेमकं तिथे गाव. नावही रेल्वेने ठेवलेलं. साहेबलोक इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने स्टेशनांना नावं देत पश्चिमेकडे निघाले होते, आमच्या वाट्याला क्यू आला.

इतिहास त्याहून सोपा. रुळांच्या उत्तरेला नॉर्वेहून येऊन वसलेले, दक्षिणेला युक्रेनहून आलेले. दोघांनी सभा-जेवणांसाठी आपापले लाकडी हॉल बांधले आणि सुगीनंतरची टर्कीची मेजवानी मुद्दाम एकाच रविवारी ठेवली, म्हणजे चुकूनही कोणी पलीकडे जेवायला जायला नको. पुढे रेल्वे बंद पडली, रूळही उखडून नेले. तरी माणसं अजून तिथे गाडी थांबवतात, दोन्हीकडे बघतात, मगच पुढे जातात.

मी मर्ल गॅड्सबी, या टापूचा सरपंच. गावाबाहेर शेतावर राहतो. ना उत्तरेचा ना दक्षिणेचा, म्हणून शिव्या दोन्हीकडून खातो. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही हॉल गळायला लागले. पंचायतीला सांभाळता येणार होता एकच. दुसरा ट्रेलरवर चढवून शेजारच्या डनमीअर गावाला द्यायचा. आमच्याकडे घरं, चर्चं, सगळं असंच उचलून नेतात. सभा भर रस्त्यात घ्यावी लागली, कारण एकमेकांच्या हॉलात पाय ठेवायला कोणी तयार नव्हतं.

"कोणता हॉल द्यायचा, तो चिठ्ठीवर लिहा," मी म्हणालो. "बरोबरी झाली तर दोन्ही जातील. मग माझ्या नावाने खडे फोडू नका."

दक्षिणेकडून श्टेफ्का प्रोकोपचुक सगळ्यांच्या पुढे खुर्ची टाकून बसली होती. हॉल तिच्या नवऱ्याने बांधलेला. तो गेल्यावर त्याचं म्हणून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "मावशी, इकडची माणसं आणि तिकडची माणसं सारखीच भरतात. तुम्ही एकटीने मन मोठं केलंत, तर गावात एक तरी हॉल राहील."

"आणि त्या तोरवाल्डकडे जाऊन उकडलेला मासा गिळू?"

"मेजवानीला टर्की असते हो तिकडे."

"त्यांची टर्कीही माशासारखीच लागते."

"कधी खाल्लीत?"

"खायला कशाला हवी? तोंडं बघ ना त्यांची."

उत्तरेचा म्होरक्या तोरवाल्ड एंगेब्रेटसन कान देऊन ऐकतच होता. "मर्ल, मलाही तेच सांगायला येणार असशील तर येऊ नकोस," तो ओरडला. "जन्मभर यांच्या लसणाचा वास सोसला. आता हॉलही यांचाच ठेवू होय?"

चिठ्ठ्या उघडल्या. उत्तरेने दक्षिणेचा हॉल घालवला होता, दक्षिणेने उत्तरेचा. बरोबरी. दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या. पलीकडच्यांचा हॉल जाणार, एवढंच प्रत्येकाला ऐकू आलं होतं. माझं डोकं फिरलं. असल्या गावाचं सरपंचपद कुत्र्यानेही घेऊ नये.

सप्टेंबरात ट्रेलर आले. दोन्ही हॉल एकामागोमाग एक, डुलत डुलत डनमीअरच्या वाटेला लागले आणि सपाट रानात बराच वेळ दिसत राहिले. मागे पायाचे दोन खड्डे उरले. श्टेफ्का आपल्या खड्ड्याच्या काठाशी उभी राहून हमसून हमसून रडत होती. मलाही भरून आलं. हिला वाईट तरी वाटतंय, म्हणून थोडं बरंही वाटलं.

"पोटात तुटतंय रे मर्ल," ती म्हणाली. "माझ्या माणसाने एकेक फळी स्वतः ठोकली होती."

"हॉल मोडणार नाहीत, मावशी," मी समजूत घातली. "डनमीअरवाले दोन्ही एकमेकांना जोडून एकच मोठा हॉल करणार आहेत. मधली भिंत तेवढी पाडतील."

तिचं रडणं थांबलं. तिने रुमालाने नव्हे, चांगल्या कोटाच्या बाहीने नाक पुसलं.

"भिंत? कोणाची?"

"ते अजून ठरलेलं नाही."

"मग आत्ताच फोन कर," ती म्हणाली. "त्यांची पाडा म्हणावं."