शाहजादीची तिसरी चीर

शके १८४८, पौष वद्य पंचमी, इंग्रजी सन १९२७ चा जानेवारी महिना. मौजे देऊळघाट, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, प्रांत वऱ्हाड. वेळ सकाळची, नऊच्या सुमाराची. गुरांच्या दवाखान्याकडील असिस्टंट या नात्याने बुळकांडीच्या रोगावरील टोचणी करण्यासाठी मी त्या गावी मुक्कामास होतो. चावडीपुढील निंबाखाली शेवटची म्हैस टोचून हात धूत असता सईद पिंजारी माझ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या मिशांना आणि भुवयांना कापसाची लव चिकटलेली होती.

"डाक्टरसाहेब, घरी चालता का जरा? आमची कोंबडी लई बिमार हाय."

मी त्यास सांगितले की, माझ्या खात्याच्या यादीत बैल, गाय, म्हैस, घोडा, खेचर आणि उंट एवढी नावे आहेत. कोंबडीचे नाव नाही. या जिल्ह्यात अकरा वर्षे नोकरी करून मी एकही उंट तपासलेला नाही, परंतु उंट यादीत आहे आणि कोंबडी नाही, ही गोष्ट मी बदलू शकत नाही.

"मले दवा नाई पाह्यजे साहेब," तो म्हणाला. "मले हुकूम पाह्यजे."

त्याचे म्हणणे असे होते: त्याच्या आईने, बिस्मिल्लाबीने, सात वर्षांपूर्वी एक पिलू मांडीवर वाढविले आणि त्याचे नाव शाहजादी ठेविले. म्हातारी गोधडी शिवीत बसली की ती कोंबडी तिच्या गुडघ्यावर बसे. गेल्या महिन्यात तिच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी तुंबली. पुंजाजी न्हाव्याने ती चिरून रिकामी केली व शिवली. दहा दिवसांनी ती पुन्हा तुंबली. पुन्हा चिरली, पुन्हा शिवली. आता ती तिसऱ्यांदा तुंबली होती आणि पुंजाजीला निरोप गेला होता.

"अम्मा जेवत नाई, झोपत नाई. आम्ही म्हनतो, जीव हाय तोवर हलाल करून टाक, मुरदार होऊन मरन त काय फायदा? शेजारच्या दोन घरांनी त हांड्या घासून ठेवल्या. अम्मा म्हनते, सरकारी डाक्टर नाई म्हनला त मी सोडते. तुमी फक्त दारातून नाई म्हना. आत याची गरज नाई. आत याले तसंबी कोनी तयार नाई."

सडत असलेला पक्षी खाण्यासाठी हांड्या घासून बसलेली माणसे डोळ्यांपुढे आली. तरीही मी निघालो. एका शब्दाने एक म्हातारी जेवू लागत असेल, तर तो शब्द दारातून उच्चारण्यास हरकत नाही, असा युक्तिवाद मी वाटेत केला. तो युक्तिवाद मला त्या वेळी निर्दोष वाटला.

घराच्या पडवीत कापूस धुनकण्याचे पिंजण टांगलेले होते. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते; आणि त्या शुभ्र तंतूंमधून तो वास येत होता. माझ्या व्यवसायात नाक नाजूक ठेवून चालत नाही. फुगलेला बैल फाडताना जी दुर्गंधी सुटते ती मी पुष्कळदा सोसली आहे. पण तिच्यात निदान एक समाप्ती असते, मरण होऊन गेले आहे हे ती स्पष्ट सांगते. या वासात समाप्ती नव्हती. तो आंबलेल्या पेजेचा, ओल्या कातड्याचा वास होता, आणि त्याच्या तळाशी काहीतरी गोडसर होते. ते गोडसर सर्वांत वाईट होते, कारण ते जिभेवर येऊन बसत होते.

उंबऱ्यावर पुंजाजी न्हावी तंबाखू चघळीत वस्तरा तळहातावर घासत होता. पात्याच्या कण्याशी वाळलेला साबण आणि त्यात पांढऱ्या दाढीचे खुंट अडकलेले दिसत होते.

"याच वस्तऱ्याने कापता?" मी विचारले.

"मंग? सोन्याच्या वस्तऱ्यानं कापू का कोंबडीले? सकाळी रामराव पाटलाची दाढी केली अन् धोतराले पुसला ना चांगला."

"पुसला."

"हाव, पुसला. डाक्टरसाहेब, बैलाचं तुमाले ठावं, कोंबडीचं मले. दोनदा उघडली म्या, दोनदा जगली. तुमच्या टोचलेल्या गाई किती जगल्या सांगा बरं!"

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांसह माझ्यापाशी होते आणि मी ते दिले. त्याने त्यातील एकही आकडा मान्य केला नाही. आम्ही दोघे उंबऱ्याच्या दोन बाजूंस उभे राहून पुराव्याविषयी वाद घालीत होतो, आणि वाद घालताना तोंडाने श्वास घेत होतो.

मग मी ठरल्याप्रमाणे आत तोंड करून मोठ्याने म्हणालो, "बिस्मिल्लाबी, या कोंबडीस आता उपाय नाही."

आतील अंधारातून उत्तर आले, "पाह्यली का?"

मी हत्यारांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"हात नाई लावला, डोयानं पाह्यली नाई, अन् उपाय नाई म्हनता? सईदनं पढवून आनलं वाटते तुमाले."

"अम्मा, डाक्टरसाहेबाले असं बोलतेत का?" सईद म्हणाला.

"तू चूप बस बे. सरकारी मानूस हाय, त सरकारी मानसावानी पाहून सांगन."

तिचे म्हणणे बिनतोड होते. पुराव्याविना बोलल्याबद्दल आत्ताच मी पुंजाजीशी वाद घातला होता, आणि तेच मी स्वतः केले होते. मी पिशवी घेऊन आत गेलो.

म्हातारी भिंतीशी बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा दुधाळ पडदा होता. शेजारी कापसाच्या ढिगात शाहजादी पडली होती. एके काळी तिची पिसे तांबूस असावीत. आता ती मळकट चिंध्यांसारखी अंगाला चिकटली होती. तुरा जांभळट पडून एका बाजूस लोंबत होता. गळ्याखाली संत्र्याएवढा फुगवटा, आणि त्यावर गोधडीच्या काळ्या दोऱ्याने घातलेल्या टाक्यांच्या दोन ओळी. टाक्यांमधून पिवळी खपली वर आली होती. खपलीच्या कडेस बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मी चिमट्याने चार अळ्या काढल्या. पाचवी आत गेली.

तिचे डोके खाली करून मी फुगवटा हलकेच दाबला. चोचीतून तपकिरी पाणी भसकन निघाले आणि माझ्या बाहीवरून मनगटापर्यंत ओघळले. सईद तोंडाला रुमाल लावून अंगणात पळाला. त्याच्या ओकारीचा आवाज आत ऐकू आला. पुंजाजीने उंबऱ्यावरूनच एक पिंक टाकली.

"म्हनून म्या तोंड फिरवूनच कापतो," तो म्हणाला.

"तोंड फिरवून?"

"त काय वास घेत बसू?"

"दोन्ही वेळा आतून काय निघाले?"

"पह्यल्यानं सरकी अन् गवत. दुसऱ्यानं घान निघाली. काया लगदा."

"कसला लगदा?"

"घानीत काय पाहाचं साहेब? झाडूवर घेतली अन् उकिरड्यावर फेकली."

मी सईदला हाक मारून विचारले. त्यानेही पाहिले नव्हते. बिस्मिल्लाबीने दोन्ही वेळा कोंबडी धरली होती, परंतु तिला दिसत नव्हते. म्हणजे ज्यांना डोळे होते त्यांनी किळसेने मान वळविली, आणि जिने मान वळविली नाही तिला डोळे नव्हते. दारातून निकाल देणारा मी पहिल्या वर्गातलाच होतो.

यानंतर मी जे केले ते दयेने केले, असे म्हणणार नाही. मला त्या वस्तऱ्याचा संताप आला होता. मी कार्बोलिकचे पाणी करविले, माझे हत्यार त्यात बुडविले, म्हातारीला कोंबडीचे पाय धरण्यास सांगितले आणि दोन जुन्या चिरांच्या मध्ये तिसरी चीर घेतली. कोंबडी ओरडली नाही. तिने चोच उघडली आणि तशीच उघडी ठेवली.

आत बोटाला काहीतरी दोरीसारखे लागले. मी चिमट्याने धरून ओढू लागलो. ते येतच राहिले: बोटाएवढी जाड, काळसर, बुळबुळीत वात, पिळाप्रमाणे गुंडाळलेली, मध्ये मध्ये गाठी पडलेली. वीतभर आली, दोन विती आली. एखाद्या प्राण्याच्या देहातून दुसरा कोणी प्राणी बाहेर पडत असावा, असे ते दिसत होते. पुंजाजी पुढे वाकला होता, आणि या वेळी त्याने तोंड फिरविले नाही. ती वस्तू खाली ठेवलेल्या परातीत पडली तेव्हा वासाचा असा लोट उठला की माझ्या डोळ्यांत पाणी आले.

मी ती धुतली. तीनदा पाणी बदलले. तिसऱ्या पाण्यात तिचे तंतू सुटे झाले आणि मळकट पांढरे दिसू लागले.

"कापूस!" पुंजाजी म्हणाला. मग माझी नजर पाहून तो गडबडीने बोलला, "म्या नाई भरला! लेकराची आन. म्या शिवताना बोटभर चिंधी बी आत नाई ठेवली!"

तो खरे बोलत होता. मी कोंबडीचे अंथरूण पाहिले. उत्तम पिंजलेला, ढगासारखा हलका कापूस होता. जिकडे तिची चोच होती तिकडे त्यात ओंजळीएवढा खळगा पडलेला होता.

"हा कापूस इथे किती दिवस आहे?" मी विचारले.

"रोज बदलते ना मी," बिस्मिल्लाबी म्हणाली. तिच्या आवाजात या सबंध सकाळी प्रथमच थोडा अभिमान आला. "पह्यल्यांदा चिरली, तवापासून. खाली जमीन लई थंडी असते. दुखनाईताले मऊ पाह्यजे. गिऱ्हाइकाच्या दुलईत घालत नाई असा कापूस घालते मी तिच्याखाली. दुपारपर्यंत अर्धा दबून जाते, मंग पुन्हा टाकते."

तो दबत नव्हता. सईद दारात उभा होता आणि त्याला समजले होते. तो काही बोलणार तोच मी हाताने त्यास थांबविले. परंतु म्हातारीने आमची स्तब्धता ऐकली असावी. तिने हात पुढे केला.

"काय निघालं? मले द्या."

"घाण आहे, बिस्मिल्लाबी."

"द्या."

मी परात तिच्यापुढे सरकविली. तिने त्या पाण्यात बोटे घातली, तंतू उचलले, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून हळूच ताणून पाहिले, जसे पिंजारी बाजारात कापसाच्या तंतूची लांबी पाहतो. तिने दोनदा ताणले.

"हा बनी जातीचा कापूस हाय," ती म्हणाली. "माह्या हातचा."

मी दाभण घेऊन शिवावयास लागलो. पिशवीची भिंत ओल्या कागदासारखी झाली होती. पहिला टाका फाटला, दुसरा फाटला, तिसरा टिकला आणि चौथा ओढताच तिसऱ्यासह निघून आला. कोंबडीने एका पायाने माझे बोट धरले होते. तिची पकड अजून चांगली होती.

मी येथे उपाय नाही असे सांगण्यास आलो होतो. आता मात्र माझ्या तोंडून निराळेच निघू लागले. कारण सापडले आहे, मी म्हणालो. कापूस काढून खाली गोणपाट घालावे. जखम उघडी ठेवून दिवसातून तीन वेळा धुवावी. पिसाच्या नळीने पेज घालावी. अशा स्थितीतही विसांत एखादी वाचते. हे सर्व मी नीट क्रमाने आणि जोर देऊन सांगितले. बोलता बोलता मला स्वतःचाच वीट आला. कोंबडीसाठी मी बोलत नव्हतो. मी शोधून काढलेले कारण खरे ठरावे, आणि पुंजाजीसमोर खरे ठरावे, म्हणून त्या फाटलेल्या पिशवीला आणखी आठ दिवस जगावयास लावीत होतो. पुंजाजीच्या वस्तऱ्यावरचा मळ निदान डोळ्यांना दिसत होता; माझा दिसत नव्हता.

"हे धुनं," बिस्मिल्लाबीने विचारले, "तिले दुखन?"

"दुखेल."

"रोज तीनदा?"

"होय."

"अन् मंग खाईन का आपल्या तोंडानं?"

"सांगता येत नाही."

"विसात एक वाचते म्हनता. तुमी पाह्यली का वाचलेली?"

पुंजाजी माझ्याकडे पाहत होता.

"नाही," मी म्हणालो. "पाहिलेली नाही."

म्हातारीने ओली बोटे लुगड्याला पुसली. मग तिने कोंबडीच्या खालून कापूस काढावयास सुरुवात केली. मूठमूठ, सर्व, जमीन लागेपर्यंत. सईद मदतीस वाकला, तेव्हा तिने त्यास कोपराने दूर सारले. कोंबडी उघड्या जमिनीवर राहिली. तिची चोच अजून उघडी होती.

"अम्मा," सईद हळू आवाजात म्हणाला, "शेजारी विचारून राह्यले..."

"शेजाऱ्याले सांग हांड्या उलट्या ठेवा म्हनून. मी कापाले नाई म्हनत होती, कारन तुमाले कापनं म्हनजे खानं वाटते."

तिने कोंबडीच्या डोक्यावरून एकदा बोट फिरविले आणि माझ्या हातातील दाभण चाचपून घेऊन परातीत टाकले.

"सईद, सुरी धुऊन आन. तूच हलाल कर, एका घावात. कोनाच्या घरी तुकडा जानार नाई. परसात खोल गाडाची. पुंजाजी, तुमी घरी जा. डाक्टरसाहेब, आता हात लावू नका. दवा बंद."