रत्नम्मांना झोपवताना

मित्रांनो, मी एक जुना सिरिंज पंप आहे. औषधाने भरलेली सिरिंज माझ्यात बसवली की मी तिचा दट्ट्या अगदी हळूहळू पुढे ढकलतो. सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी नवा आलो, तेव्हा माझे फार कौतुक झाले. मग माझ्यापेक्षा देखणे पंप आले आणि मी कोपऱ्यातल्या ट्रॉलीवर पडून राहू लागलो.

एका सकाळी नवे पंप दुसऱ्या शस्त्रक्रियेत गुंतले होते, म्हणून मला टेबलाशी आणले. टेबलावर कुंभारी गावच्या रत्नम्मा होत्या. त्यांच्या हृदयाची झडप फार अरुंद झाली होती. ती बदलायची होती. पण त्याआधी त्यांना भूल देणेच धोक्याचे होते.

"नेहमीचं पांढरं औषध देऊ या, मॅडम?" शिकाऊ भूलतज्ज्ञ डॉ. अंकिता यांनी विचारले.

"नको. त्यानं रक्तदाब झपकन उतरतो. तो उतरला, तर यांच्या हृदयालाच रक्त पुरणार नाही," त्यांच्या वरिष्ठ डॉ. रुक्साना म्हणाल्या.

"मग वायूनं झोपवू?"

"त्यानंही दाब उतरेल. एटोमिडेट घेऊ, त्यानं दाब फारसा हलत नाही. तेही सावकाश. आणि दाब धरून ठेवणारं औषध आधीच पंपावर चालू करा."

रत्नम्मांनी डॉ. रुक्सानांचा हात घट्ट धरला. "बाई, मला परत उठिवणार की न्हाई?"

"त्यासाठीच एवढा विचार चाललाय, अम्मा. मी हितनं हलणार नाही."

मी दाब धरून ठेवणारे औषध ढकलू लागलो. मग एटोमिडेट सावकाश दिले आणि रत्नम्मांचे डोळे मिटले. पडद्यावरचा रक्तदाब तरीही घसरू लागला. शंभर, नव्वद, ऐंशी! आणि नेमका तेव्हाच माझा लाल दिवा लुकलुकला. माझी बॅटरी संपत आली होती. मला ओरडता येत होते तेवढा मी ओरडलो.

"वायर!" डॉ. रुक्साना म्हणाल्या. नजर पडद्यावरच ठेवून त्यांनी हाताशी तयार असलेल्या सिरिंजमधून दाब वाढवणारे थोडे औषध दिले. डॉ. अंकितांनी खाली वाकून माझी वायर शोधली आणि भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खुपसली. मी पुन्हा जोर लावला. मग आकडा थांबला आणि सावकाश वर चढला.

झडप बदलली गेली. दुसऱ्या दिवशी श्वासासाठी घशात घातलेली नळी काढल्यावर रत्नम्मा मुलाला म्हणाल्या, "विरेश, घसा लई सुकलाय रं. पाणी दे की."

मित्रांनो, यंत्राला आपले दुखणे आधी सांगता येत नाही. म्हणून काम नसतानाही आमच्याकडे बघत जा. त्या संध्याकाळी डॉ. अंकितांनी माझ्यावरचे वाळलेले डाग ओल्या कापडाने पुसले आणि मला स्वतः चार्जिंगला लावले. हिरवा दिवा लागेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.