राखेचं पोतं

धाकट्याने भट्टीच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि बाहेर थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. सोनं वितळवायला दार कशाला लावावं लागतं?

दोघा भावांचा गळक्या भांड्यांना डाग देण्याचा कारखाना. थोरला मान खाली घालून काम करणारा, धाकटा हवेत इमले बांधणारा. तरी बापाने कारखाना धाकट्याच्याच नावावर केला, आणि ते थोरल्याच्या पोटात अजून दुखत होतं. आता धाकट्याने नवीन खूळ काढलं होतं. एका म्हाताऱ्या सोनाराची बंद पडलेली पेढी होती, तिची जमीन लाकडी फळ्यांची. फटींत पिढ्यान्‌पिढ्यांचे सोन्याचे कण साठलेले, फळ्या जाळायच्या, राख वितळवायची, की माणूस मालामाल! सोनाराने काही फळ्या जाळून राखेचं एक पोतं नमुन्याला दिलं होतं. पटलं तर उरलेल्या सगळ्या फळ्या यांच्या आणि हा कारखाना सोनाराचा, असा सौदा.

थोरल्याला वाटलं, हा सोनं खिशात घालणार, काही निघालं नाही म्हणणार आणि मागाहून एकटाच सौदा उरकणार. म्हणून त्याने काल आईची अख्खी अंगठी कानशीने घासली आणि तो चुरा गुपचूप पोत्यात कालवला. निदान तेवढं तरी बाहेर यायलाच हवं. नाही आलं, तर चोर रंगेहाथ सापडला.

दार उघडलं. धाकटा घामाने निथळत होता. त्याच्या तळहातावर सोन्याचा मणी होता.

"दादा, बघ! धूर तुझ्या छातीला बाधतो म्हणून दार लावलं होतं."

थोरल्याने मणी काट्यावर टाकला. बरोबर अंगठीएवढा, गुंजभरही जास्त नाही. भाऊ स्वच्छ निघाला, आणि राखही. त्याला स्वतःची लाज वाटली, मग सौदा आठवला.

"चल, म्हातारा वाट बघतोय," धाकटा म्हणाला. "आज लिहून देऊन टाकतो."

"थांब. ते सोनं आईच्या अंगठीचं आहे. मी घासून टाकलं होतं पोत्यात."

"कशाला?"

"तू चोरतोस का, ते बघायला."

धाकट्याचं हसू विरलं.

"वा, दादा! म्हणजे मी माघार घ्यायची आणि उद्या तू एकट्याने फळ्या घशात घालायच्या."

"अरे, आईशप्पथ—"

"आईला मध्ये आणू नकोस."

मणी रुमालात बांधून, खिशात घालून तो पेढीकडे निघाला. थोरला अनवाणीच त्याच्यामागे रस्त्यावर धावला, घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. दुकानदार बाहेर येऊन बघू लागले. कोपऱ्यावर धाकट्याने एकदाच वळून पाहिलं, खिशावर हात घट्ट दाबला आणि झपाझप पावलं उचलली.