पावाच्या कडा

वेल्टा, म्हणजे माझी बायको, गेली ती तीन महिन्यांसाठी म्हणून गेली होती. आमची मुलगी आयर्लंडात कामाला असते. तिला बाळ झालं, मदतीला आजी हवी, यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मीच तिला रीगाच्या विमानतळावर सोडून आलो. हा तिसरा हिवाळा. तीन महिन्यांत तीन हिवाळे कसे बसतात हे विचारायचं मी सोडून दिलंय, कारण तिचं उत्तर तयार असतं. "मग तू ये ना इकडे. तुला तिथे कोणी बांधून घातलंय का?"

बांधून कोणी घातलेलं नाही. उलट माझं कामच न बांधलेल्या जनावरांचं आहे. समुद्र आणि तळं यांच्यामधल्या पाणथळ कुरणावर सव्वीस राखाडी घोडे आणि एकोणचाळीस मोठ्या शिंगांची गुरं बारा महिने मोकळी चरतात आणि मी त्यांचा राखणदार. ती पाण्याकाठचं बोरूचं उंच गवत खातात, झुडपं खुडतात, त्यामुळे कुरण मोकळं राहतं आणि वसंतात पक्ष्यांना उतरायला जागा होते. मी रोज सकाळी फिरायचं, डोकी मोजायची, कुंपण बघायचं आणि वहीत लिहायचं. काय करायचं नाही त्याची यादी जास्त लांब आहे. खायला घालायचं नाही. हात लावायचा नाही. नाव ठेवायचं नाही. थंडीत जनावर वाळतं, फासळ्या दिसायला लागतात. त्या दिसू द्यायच्या. गावात चार शहाणे मला निर्दय म्हणतात. मी त्यांना म्हणतो, हिवाळ्यात जगायचं कसं ते यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

नऊ वर्षं मी नियम पाळले. ज्याने पाळले त्यालाच मोडताना कळत नाही, एवढंच मला आता समजलंय.

घोड्यांच्या कळपात नर नुसता मिरवतो, कळप चालवते ती एखादी जुनी घोडी. आमच्या कळपाची म्होरकी बावीसएक वर्षांची होती. नाव ठेवायचं नाही म्हणून मी तिला म्हातारी म्हणायचो. ते नाव नव्हे, वय आहे, असं मी सार्मितेबाईंनाही सांगितलं होतं. सार्मितेबाई म्हणजे माझ्या वरिष्ठ, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या महिन्यातून एकदा यायच्या आणि माझी वही वाचायच्या.

म्हातारीला पाणी कळायचं. पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस लागून राहिला की समुद्राचं पाणी कालव्यातून उलटं तळ्यात शिरतं आणि कुरण बुडतं. रेडिओवाले कधी सांगतात, कधी विसरतात. म्हातारी मात्र दोन दिवस आधी मान वर करायची आणि सगळा कळप घेऊन जुन्या बांधावरून पाइनच्या टेकाडाकडे चालू पडायची. ती निघाली की मी होडी वर ओढायचो आणि सार्मितेबाईंना कळवायचो, पाणी येतंय. नऊ वर्षांत एकदाही ती चुकली नाही.

नोव्हेंबरात वेल्टाचा फोन आला. बाळाचा कान सुजलाय, मुलीला रात्रपाळी आहे, तेव्हा या ख्रिसमसलाही जमत नाही. मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी कुरणाच्या फाटकाला टेकून मी न्याहारी करत होतो. आमच्याकडचा काळा पाव भारी चिवट, आणि माझे दात आता त्याच्या कडेला पुरे पडत नाहीत. घरात मऊ भाग मी खायचो आणि कडा वेल्टा खायची, चाळीस वर्षं तसंच चाललं होतं. ती गेल्यापासून कडा साठायच्या आणि मी त्या चुलीत टाकायचो. त्या दिवशी हातातली कड टाकायची कुठे म्हणून बघितलं तर म्हातारी तीस पावलांवर उभी. मी कड फाटकाच्या खांबावर ठेवली आणि मागे सरलो. एवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी ती खांबापाशीच होती. डिसेंबर उजाडला तेव्हा ती माझ्या हातातून खात होती. तिचे ओठ मऊ होते, मिशा टोचायच्या, आणि त्या थंडीत तिचा श्वास तळहातावर चांगला ऊन लागायचा. मी तिच्याशी बोलायचो. बाळाच्या कानाबद्दलही बोललो. खरं सांगतो, कोणीतरी सकाळपासून माझी वाट बघतंय, हे मला फार आवडलं होतं. वहीत मी यातलं अक्षरही लिहिलं नाही.

आल्फोन्सने मात्र पकडलं. कालव्याच्या तोंडाशी एकटा राहणारा हा म्हातारा कोळी ख्रिसमसला माझ्याकडे राखाडी वाटाणे खायला आला होता. आमच्यात ताटात वाटाणे उरवायचे नसतात, जितके उरतील तितकी आसवं पुढच्या वर्षी गाळावी लागतात म्हणे. मी सवयीने चौघांचे शिजवले होते.

"अरे ओयार, तुझ्या फाटकाशी ती घोडी का उभी आहे?" त्याने खिडकीतून बघत विचारलं.

"मला काय माहीत? उभी राहते."

"आणि कळप तिच्या मागे उभा राहतो. सव्वीस घोडे तुझ्या तोंडाकडे बघतायत, आणि तुला माहीत नाही?" त्याने वाटाणे चावत मला न्याहाळलं. "बायको आयर्लंडला, आणि इथे तू घोडीशी संसार मांडलायस. काय देतोस तिला?"

"पावाच्या कडा. वाया जातात नाहीतरी."

"लाडावून ठेवलीस तर एक दिवस स्वयंपाकघरात येऊन बसेल."

"येऊ दे. निदान ती फोनवर तरी भांडणार नाही."

तो हसला, मीही हसलो. वाटाणे संपता संपेनात. शेवटचे मूठभर आम्ही तसेच सोडून दिले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पश्चिमेचा वारा सुटला. पहिल्या दिवशी गुरं उठली आणि टेकाडाकडे निघून गेली. मी बघितलं आणि म्हटलं, गुरांना काय कळतंय. म्हातारी फाटकाशीच होती. दुसऱ्या दिवशी वारा तसाच, म्हातारी तिथेच. दुपारी आल्फोन्सचा फोन आला.

"माझ्या पायरीला पाणी लागलंय. तुझे घोडे वर गेले का?"

"नाही. म्हातारी इथेच आहे. पाणी येत नाही, उगाच घाबरू नकोस."

संध्याकाळी सार्मितेबाईंनीही विचारलं, होडी आणि दोन माणसं पाठवू का. मी त्यांना ठासून सांगितलं, घोडी हललेली नाही, म्हणजे गरज नाही. स्वतःच्या शब्दावर मी इतका निवांत झोपलो की आजही त्याची लाज वाटते.

सकाळी दार उघडलं तर कुरण नव्हतंच. सगळीकडे करडं पाणी, त्यावर बर्फाची पातळ साय, आणि फाटकापाशी सव्वीस घोडे गुडघ्यापर्यंत पाण्यात. मागच्या वसंतातल्या शिंगरांच्या तर पोटाला पाणी लागलेलं. म्हातारी सगळ्यांत पुढे होती. मला बघून ती खिंकाळली आणि खांबाकडे मान लांबवली.

तिला पाणी कळलं नव्हतं असं नाही. तिला कळलं होतं, पण आधी ती पावासाठी थांबली होती. आणि बाकीचे तिच्यासाठी थांबले होते.

मी कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवले, घरात होता तो अख्खा पाव कोटात कोंबला, लांब काठी घेतली आणि पाण्यात उतरलो. घराभोवती सव्वीस घोडे मावतील एवढी कोरडी जागा नव्हती, आणि टेकाड दोन किलोमीटर. तिकडे जाणारा जुना बांध पाण्याखाली गेलेला, आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना माणूसभर खोल चर. काठीने बांध चाचपत मी पुढे चाललो, दर वीस पावलांवर म्हातारीला एक तुकडा दिला. ती मागून आली. तिच्यामागे बाकीचे एका रांगेत आले, बर्फाची साय मोडत.

अर्ध्या वाटेवर मागे धपकन आवाज झाला. वळून बघितलं तर एक शिंगरू बांधावरून घसरून चरात गेलं होतं. डोकं तेवढं वर, पुढचे पाय बर्फाच्या कडेवर आपटत होते. मी थांबलो. मी थांबलो तशी म्हातारी थांबली, आणि तिच्यामागे सगळा कळप पाण्यात उभा राहिला. दोन-तीन घोड्यांचे पाय लटपटत होते. मागे जायला रांगेतून वाट नव्हती, आणि एकट्या माणसाला ते शिंगरू वर काढताही आलं नसतं. मी म्हातारीला आणखी एक तुकडा दिला आणि पुढे चालायला लागलो. मागचे आवाज बराच वेळ ऐकू येत होते. मग शिंगराच्या आईचाच तेवढा राहिला.

टेकाडावर मोजले. पंचवीस. शिंगराची आई पाण्याच्या काठाशी उभी राहून मागे बघत होती. म्हातारी माझ्या खिशात नाक खुपसत होती.

मी वहीत सगळं लिहिलं. नोव्हेंबरपासूनचं. पाणी उतरल्यावर सार्मितेबाई आल्या, माझ्या टेबलाशी बसून त्यांनी ती पानं दोनदा वाचली.

"ओयार, तुम्ही?" एवढंच आधी म्हणाल्या. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं.

"मीच. कामावरून काढायचं असेल तर काढा."

"तुम्हाला काढून घोडीची सवय जाणार आहे का? वसंतात इथे लोक येतात, लेकरं घेऊन. ती पाव मागायला त्यांच्या अंगावर जाईल. माणसामागे लागलेल्या घोड्याचं काय करावं लागतं, तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे." बंदूक त्यांच्या गाडीत असते.

"मार्चपर्यंत बघते. सवय तुम्ही लावलीत, तुम्हीच मोडा."

मोडली. दुसऱ्या दिवशी म्हातारी फाटकाशी आली तेव्हा मी पत्र्याची बादली काठीने बडवली. ती दहा पावलं मागे गेली आणि थांबून राहिली. तिला वाटलं असावं, हे आटोपलं की पाव मिळेल. मग मी ढेकळं मारली. एक खांद्याला लागलं. तरी पुढच्या सकाळी ती आलीच. चौथ्या दिवशी मी विलोच्या झाडाची ओली फोक तोडून आणली आणि हात पुढे केला. तिने नाक पुढे आणलं आणि मी त्या नाकावर मारलं, जोरात. ती पळाली नाही. तिने माझा एक हात हुंगला, मग दुसरा, मग खिसा. मी परत मारलं. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा ती वळली आणि कळप घेऊन निघून गेली. मी घरात आलो आणि रडलो. साठी उलटलेला माणूस, फोक हातात धरून टेबलाशी बसून रडत होतो. संध्याकाळी वेल्टाचा फोन आला, तेव्हा सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

मार्चच्या सुरुवातीला सार्मितेबाई आणि मी कुरणात गेलो. त्या गाडीतून बंदूक घेऊन आल्या होत्या. दोनशे पावलांवर म्हातारीने मान वर केली आणि कळप उधळला. सार्मितेबाईंनी मला मागे थांबायला सांगितलं आणि एकट्या पुढे गेल्या. त्यांना तिने शंभर पावलांपर्यंत येऊ दिलं, मगच दूर सरली. परत येऊन त्यांनी बंदूक गाडीत ठेवली.

"छान झालं. माणसापासून लांब राहतायत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमच्यापासून जरा जास्तच."

"चालेल," मी म्हणालो.

आता मी डोकी घराजवळच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून मोजतो, दुर्बिणीतून. कडा चहात बुडवून स्वतःच खातो. पहिल्यापासून तसंच करता आलं असतं.

मार्चच्या शेवटी पुन्हा पश्चिमेचा वारा सुटला. आभाळ निरभ्र होतं, रेडिओवर काहीच नव्हतं. दुपारी मनोऱ्यावरून बघितलं तर म्हातारी बांधावर सगळ्यांत पुढे, मागे कळप, आणि तोंड टेकाडाकडे. पंचवीसचे पंचवीस होते. ती माझ्या घरावरून गेली, फाटकावरून गेली, मान न वळवता. मी खाली उतरलो, होडी वर ओढली, सार्मितेबाईंना कळवलं, आल्फोन्सला म्हटलं जाळी उचल.

दोन दिवसांनी सकाळी पाणी आलं. मी दार उघडून बघितलं. फाटकापाशी कोणी नव्हतं.