तुकडा कुठून घेतला

रुग्णाचे नाव : तुळजा केसरीनाथ तरे

हे नाव कागदावर येण्याआधी तुळजाने डॉक्टरचंच नाव विचारून घेतलं. हेमाली. कुठली? अंजूरची. कुणाची? हेमालीने वडलांचं नाव सांगितलं, त्याबरोबर तुळजाने स्टूल टेबलाला लागेपर्यंत पुढे ओढलं.

"म्हंजे तू आमचीच हायस! माझं म्हायार अंजूर. तुझ्या बापासला मी राखी बांधायची. आता मना मॅडम-बिडम म्हणायला लावू नको."

"नका म्हणू, आत्या," हेमाली म्हणाली.

दारापाशी हिरामण उभा होता. ट्रस्टच्या त्या दवाखान्यात शिपाई, ड्रेसर आणि गर्दीचा राखणदार, सगळं तोच. बाहेर शंभरावर माणसं बसली होती. निम्मी कापडाच्या लूमवरची, खाजवणारी. "लाइन में रहो भाई, खुजली सबको है," असं त्यांना दटावून तो आत वळला. "झालं. आज अजून एक आत्या."

वय : ४१ (अंदाजे)

"चाळीस धर, पंचेचाळीस धर. डोकं बघून धरलंस तर सत्तर."

पत्ता व व्यवसाय : दिघाशी, काल्हेर येथे गोदामात पॅकिंग

काय तक्रार व किती दिवसांपासून :

छापील कागदावर इथे दीड ओळ जागा आहे.

तुळजाने डोक्याचा स्कार्फ सोडला. खाली दुसरा रुमाल होता, तोही सोडला. टाळूवर तीन चकत्या. सगळ्यांत मोठी तळहाताएवढी, मधोमध गुळगुळीत आणि पांढरट, शेतात राब भाजून राख उडून गेल्यावर जमिनीचा तुकडा दिसतो तशी. काठाला मात्र लाल. तिथे अजून केस होते आणि प्रत्येक केसाच्या बुडाशी कोंड्याची बारीक बांगडी घातलेली.

दीड वर्ष झालं होतं. आधी मेडिकलवाल्याने ट्यूब दिली. ती लावली की आठ दिवस आग कमी व्हायची, मग दुप्पट. अशा अकरा ट्यूब. मग गोदामातल्या एकीने सांगितलं म्हणून लूमचं काळं तेल चोळलं. मग कुणीतरी म्हणालं, ही चाई आहे, एकीची दुसरीला लागते. तेव्हापासून डबा खायला तुळजा खोक्यांच्या थप्पीमागे एकटी बसायची.

"सुपरवायझर बोलला, टोपी सगळ्यांना एकाच मापाची येते, पण तू तुझी घरून आण." ती हसली. मग हसू पुसल्यासारखं गेलं. "पहिलं बसले तर वेणी खाली टेकायची माझी. आता बोटाएवढी राह्यलीय. मना लांबण नको लावू. एकच सांग. गेले ते गेले. जे राह्यलेत ते राहतील का?"

हेमालीने भिंग टेकवलं. मधल्या भागात केसांची छिद्रंसुद्धा बुजलेली होती. तिथे आता काही उगवणार नव्हतं, कधीच. काठावरची मुळं जिवंत होती आणि आजार त्यांच्याच गळ्याशी बसला होता.

"आजार कुठला ते नेमकं कळलं, तर वाचवता येतील. पण लवकर. मूळ मेलं की त्याला औषध नाही."

"मंग कळू दे ना."

संभाव्य निदान :

बुरशी. किंवा लायकेन. किंवा ल्युपस.

डोळ्यांना तिन्ही दिसत होते आणि अकरा ट्यूबांनी तिघांचेही चेहरे पुसून टाकले होते. बुरशी असेल आणि आतल्या सुजेची गोळी दिली, तर बुरशी माजेल. लायकेन-ल्युपसमध्ये होतं तसं शरीरच आपल्या मुळांवर उठलं असेल आणि बुरशीची गोळी दिली, तर काहीच होणार नाही, नुसते दिवस जातील. आणि तुळजाजवळ दिवस नव्हते. डोक्याच्या कातडीचा बारीक तुकडा काढून ठाण्याच्या लॅबला पाठवायचा, तिथे तो भिंगाखाली बघायचा, दुसरा रस्ता नव्हता.

तुकडा कुठून घेतला : चकतीच्या काठावरून, जिथे केस आहेत

असं हेमालीने लिहिलं. सुई टोचल्यावर जागा बधिर व्हायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत ती कागद भरून टाकायची, सही करायची, हिरामण तो पाकिटात घालून बाटलीला चिकटवायचा. रोजचंच. आणि काठ हे उत्तरही रोजचंच, कारण आजार सापडतो तो काठावर. मधून तुकडा घेतला तर राख मिळते. आग कुणी लावली ते राखेवरून कळत नाही.

मग हेमालीने काठावरचे केस थोडे कातरायला कात्री उचलली, आणि तुळजाने तिचं मनगट धरलं.

"हितून?"

"हो आत्या. छोटासाच. हरभऱ्याच्या डाळीएवढा."

"हितं केस हायत ना गं."

"म्हणूनच इथून."

"आणि मंग तितं परत येतील?"

टाक्याच्या जागी येणार नव्हते.

"नको गं बाय." तुळजाचा आवाज एकदम बारीक झाला. "मधून घे. तितं न्हायतरी काय हाय? जितं उजाडच पडलंय तितलं घे ना. कातडी तीच, डोकं तेच. ह्ये चार मी रोज मोजते. तुझ्या बापासची आन."

हिरामणने घड्याळ बघितलं. हेमालीने त्या मनगटावरच्या हाताकडे बघितलं. पुठ्ठ्याने बोटं चिरलेली, एका बोटाला पॅकिंगची चिकटपट्टीच गुंडाळलेली. समजावायला दहा मिनिटं लागली असती. दुसऱ्या कुणाला तिने ती दिलीही असती, नाहीतर सरळ दटावलं असतं. आत्याला दटावता येईना.

मधोमध आणखी एक सुई दिली. तुकडा कापायची धारदार नळी, पंच, टेकवून फिरवला. डाळीएवढा पांढरा तुकडा बाटलीत पडला. एक टाका.

"बघ, कायपण झालं न्हाय," तुळजा म्हणाली. "उगा भांडत होतीस."

भरलेला कागद आत घालून पाकीट तोवर बंद झालं होतं.

(जागा अपुरी पडल्यास मागील बाजू वापरावी)

संध्याकाळी हात धुताना हेमालीला आठवलं. कागदावर काठ, बाटलीत मध्य. लॅबला फोन करायचा, दोन वाक्यांचं काम. तिने फोन हातात घेतला. लॅब सातला बंद होते आणि सव्वासात झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पोराच्या अंगावर पुरळ उठून ओठ सुजले, दुपारी आणखी कुणी. तिसऱ्या दिवशी ट्रस्टने तिला दीड महिन्यासाठी शहापूरकडच्या गावांतल्या शिबिरांवर पाठवलं.

आठवलं नाही असं नव्हे. दोनदा आठवलं. दोन्ही वेळा तिने स्वतःला सांगितलं, की लॅबमध्ये बघणारा हुशार आहे, त्याला नुसता व्रण दिसला तर तो स्वतःच फोन करेल.

अहवाल : जुना व्रण. केसांची मुळे आढळत नाहीत. सूज नाही. बुरशी नाही. तुकडा सक्रिय काठावरचा असल्याने आजार विझलेल्या अवस्थेत असल्याचे दिसते.

बघणारा हुशार होता. त्याने कागद वाचला होता.

अहवालावर तारीख एप्रिलची. खाली, हेमाली शिबिरांवर असताना तिचे रुग्ण बघणाऱ्या डॉ. भाविकचं अक्षर : आजार शांत. औषधाची गरज नाही. खोबरेल लावावे.

हेमालीने हे ऑगस्टमध्ये वाचलं, तुळजा समोर बसलेली असताना. एप्रिलनंतर ती आलीच नव्हती. कशाला येणार? आजार विझलाय असं तिला डॉक्टरने सांगितलं होतं. तिने गोदामात पेढे वाटले होते. तिथल्या दोघींनी ते खाल्लेही होते.

आता तिने स्कार्फ सोडला, रुमाल सोडला, आणि हेमालीला चकत्या मोजता येईनात. तीनही एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. कपाळापासून मानेपर्यंत एकच गुळगुळीत, पांढरी, चमकणारी कातडी, कानामागे थोडं काळं. वेणी नव्हती. डाव्या भुवईचा बाहेरचा अर्धा भागही गेला होता आणि तिथे लाली होती.

"विझलाय म्हणाला तो," तुळजा म्हणाली. "मी रोज खोबरेल लावलं, बाय. रोज."

हेमाली उठून शेजारच्या खोलीत गेली. भाविक चहा पीत होता.

"तू हिला औषध नको म्हणालास?"

"मी कागद वाचला. कागदात काठ होता, काठावर काही नव्हतं. तू असतीस तर काय लिहिलं असतंस?"

"काठ नव्हता तो."

भाविकने कप खाली ठेवला. उठून दार लोटून घेतलं. "बरं. आता नवा तुकडा घे. आजार उलटला म्हणून सांग. उलटतोच की तो. तिला सांगून कुणाचं भलं होणारंय? तिचे केस येणारेत?"

ते खरं होतं. म्हणूनच हेमालीला ते ऐकवेना.

ती परत येऊन बसली. हिरामणला बाहेर जायला सांगितलं.

"आत्या, मार्चमध्ये तुकडा मी मधून घेतला. कागदावर मात्र काठ लिहिलेलं राहिलं. म्हणून त्यांना वाटलं आजार गेला. तो गेला नव्हता."

तुळजा ऐकत होती. "पण मधून घे असं मीच बोलले ना."

"तुम्ही बोलणारच. मी ऐकायला नको होतं."

"म्हंजे मधून घेऊन काय कळायचं न्हाय, ह्ये तुला ठाऊक होतं?"

"हो."

"तवाच?"

"तेव्हाच."

तुळजाने रुमालाची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. बाहेर हिरामण कुणाला तरी हिंदीत झापत होता. "मंग बोलायचं ना," ती शेवटी म्हणाली, अगदी हळू. "मी रडले असते. शिव्या घातल्या असत्या. मंग दिला असता काठ."

हेमालीने नवा कागद पुढे ओढला.

तुकडा कुठून घेतला :

या वेळी तिने ही जागा कोरी ठेवली आणि आधी डोकं तपासलं.

काठच उरला नव्हता. तिने भिंग घेऊन कपाळाच्या रेषेपासून सुरुवात केली, बोटबोट सरकत, टाळू, मागचा भाग, उजवा कान. सगळीकडे बुजलेली छिद्रं. कानामागे जे काळं दिसत होतं त्यातले बरेच केस हात लावताच निघून आले. डाव्या कानामागे, खाली, मानेच्या जवळ, सात केस सापडले. बुडाशी लाल. बुडाशी कोंड्याची बांगडी. आजार तिथे अजून जेवत होता, म्हणजे तिथे अजून काहीतरी जिवंत होतं.

"इथे आहेत," ती म्हणाली.

"किती?"

"सात."

"तेच घेणार?"

"त्यातले तीन-चार जातील. नाव कळलं तर भुवया वाचवता येतील, कदाचित. डोक्यावर आता..." तिने वाक्य पुरं केलं. "डोक्यावर येणार नाहीत, आत्या."

तुळजाने मान डावीकडून उजवीकडे वळवली आणि कान हाताने दुमडून धरला. या वेळी तिने कुणाचं मनगट धरलं नाही. सुई टोचली, पाच मिनिटं गेली. पंच फिरवताना तिचा खांदा एकदाच हलला.

तुकडा बाटलीत पडल्यावर हेमालीने कागद भरला.

अहवाल : डिस्कॉइड ल्युपस. सक्रिय.

नाव आलं. शरीर स्वतःच्याच मुळांवर उठलं होतं आणि बुरशीचा पत्ताही नव्हता. मलेरियावर देतात तीच गोळी, उन्हापासून जपायचं, भुवईत बारीक इंजेक्शन. मार्चमध्ये सुरू झाली असती तर वेणी बोटाएवढीच का होईना, राहिली असती. हेमालीने फोन करून सगळं सांगितलं. हा आजार कुणाला लागत नाही, गोदामात दाखवायला तसा कागद देते, असंही सांगितलं.

पलीकडे चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा.

"शनिवारी ये म्हणतेस?"

"हो. मी आहे शनिवारी."

"येते," तुळजा म्हणाली. या वेळी 'गं बाय' म्हणाली नाही.

शनिवारी अकराच्या सुमाराला हिरामणने आत डोकावून सांगितलं, की तुमच्या आत्या आल्यात. हेमालीने तिची फाईल वर काढून ठेवली, कागदावर सही केली. दोन रुग्ण गेले, चार गेले, सात गेले. तिने दाराकडे बघितलं. तुळजा शेजारच्या खोलीच्या लाइनीत उभी होती, भाविकच्या. स्कार्फ हनुवटीखाली घट्ट बांधलेला.

"तरेबाई, तुमचा नंबर इकडं हाय," हिरामण तिला म्हणाला. "मॅडम केव्हाच्या थांबल्यात."

"थांबू दे. माझी लाइन हीच."

"अवो, विझला म्हणून यांनीच तर..."

"त्याला ठाऊक नव्हतं," तुळजा म्हणाली.

हेमालीने फाईल उचलली, पहिल्या पानावर गोळीचं माप ठळक लिहिलं, भुवईच्या इंजेक्शनखाली दोन रेघा ओढल्या आणि ती हिरामणच्या हाती भाविककडे पाठवली. मग तिने पुढच्याला आत बोलावलं. कांडीवर सूत भरायच्या मशीनवरचा माणूस होता. त्याने शर्ट वर केला. पोटावर लाल गोल वर्तुळं होती आणि हातात अर्धी पिळलेली ट्यूब.

"कितने दिन से?" तिने विचारलं आणि भिंग वर्तुळाच्या काठावर टेकवलं.