संहितेत नसलेला हशा

मित्रांनो, नाटक सुरू होण्याआधी तुम्ही ज्याच्याकडे टक लावून बघता आणि सुरू झाल्यावर ज्याला साफ विसरून जाता, तो मी. एका छोट्या नाट्यगृहाचा मखमली पडदा. वय वर्षे एकवीस. माझ्या अंगावर सात ठिगळे आहेत आणि डोक्यात एक गोंधळ आहे. ठिगळांचे मला काही वाटत नाही. गोंधळ मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म एका शिंपीणबाईच्या पुढच्या खोलीत झाला. खोली एवढीशी आणि मी हा एवढा. माझे एक टोक मशीनखाली असे तेव्हा दुसरे स्वयंपाकघरात लोळत असे. बाईंचा शाळकरी मुलगा माझ्या घड्यांवर पालथा पडून पाढे पाठ करायचा. त्यामुळे मला आजही एकोणीसपर्यंतचे पाढे येतात. पडद्याला त्याचा काही उपयोग नाही, पण येतात.

पुढे मी नाट्यगृहात चढलो आणि माझी दोरी काकांच्या हाती गेली. काका दिवसा घड्याळे दुरुस्त करत आणि संध्याकाळी मला ओढत. त्यांच्या हातून मी कधी एका श्वासाचाही उशीर केला नाही. "पडदा काय झोकात उघडतो!" असे लोक म्हणत, तेव्हा मी मनातल्या मनात फुलून जाई.

माझे काम तसे सोपे होते. पाठीमागे तालीम चाले, ती मी महिनाभर ऐकायचो. कुठे हशा येणार, कुठे लोक नाक पुसणार, मला आधीच पाठ असे. प्रयोगाला सगळे त्याप्रमाणेच होई.

मग ते नाटक आले.

लिहिले होते शाळेतल्या बाईंनी. त्याच ते बसवतही होत्या. नाटकातल्या गावात दोन वंशांचे लोक राहतात. टेकडीवर गोरे आणि नदीकाठी काळे. नगराध्यक्षाची निवडणूक लागते. गोऱ्या पुढाऱ्याला सल्लागार सांगतात, "साहेब, नदीकाठची मतं हवीत तर तोंड काळं करा." काळ्या पुढाऱ्याला त्याचे सल्लागार पिठात बुडवून काढतात. शेवटी भर सभेत दोघे समोरासमोर येतात, कोण कुठला हे त्यांना स्वतःलाच कळेनासे होते आणि प्रत्येक जण स्वतःलाच शिव्या घालत सुटतो. तालमीत काका इतके हसले की दोरी सोडून खाली बसले.

गोऱ्या पुढाऱ्याचे काम दातांचे डॉक्टर करत होते. काळ्या पुढाऱ्याचे काम करत होता बसचा ड्रायव्हर, म्हणजे माझ्यावर पाढे पाठ करणारा तोच मुलगा. आता चांगला तिशी ओलांडलेला, उंच, रंगाने काळाभोर. इतकी वर्षे त्याला नाटकात दार उघडण्याचे नाहीतर सामान उचलण्याचे काम मिळे. यंदा पहिल्यांदाच त्याच्या अंगावर नेत्याचा कोट चढला होता. तो आईनेच शिवला होता.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह खचाखच भरले. शिंपीणबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. काकांनी मला उघडले. ड्रायव्हर आत आला, मधोमध उभा राहिला आणि त्याने कोटाचे बटण लावले.

आणि सगळे प्रेक्षागृह हसले.

मित्रांनो, मी चक्रावलो. संहितेत तिथे हशा नव्हता! पीठ नव्हते, वाक्य नव्हते, काहीच नव्हते. एक माणूस कोट घालून उभा होता, बस. मला वाटले, माझीच कुठली शिवण उसवली असेल. मी स्वतःला वरपासून खालपर्यंत चाचपले. सगळे जागच्या जागी होते.

नाटक संपले, टाळ्या पडल्या. लगेच एक नगरसेवक मागे आले आणि बाईंना म्हणाले, "वा! त्या विरोधकांची काय उडवलीत!" त्यांची पाठ वळते न वळते तोच विरोधी पक्षाचे पुढारी आले. "वा! त्या सत्तेवाल्यांची काय उडवलीत!" बाई दोघांनाही "धन्यवाद" म्हणाल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. माझ्याइतक्याच त्याही गोंधळल्या होत्या.

शिंपीणबाई सगळ्यांत शेवटी आल्या. मुलाचा कोट उतरवून घेताना त्यांनी हळूच विचारले, "तू पहिल्यांदा आलास ना, तेव्हा सगळे हसले. म्हणून मीही हसले. तिथे हसायचंच होतं ना रे?"

ड्रायव्हरने दुसऱ्या बाहीतून हात काढला. "मलाही माहीत नाही, आई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाटकाचे कौतुक छापून आले. 'ड्रायव्हरचा नुसता चेहरा पाहूनच हसू फुटते,' असे त्यात होते. तो कागद हातात घेऊनच ड्रायव्हर तालमीला आला.

"बाई, मी उभा राहिलो त्यात विनोद कुठे होता? संहितेत दाखवा मला."

बाईंनी खरोखरच पाने उलटली. एकदा उलटली, पुन्हा उलटली. "नाही रे. मी लिहिलेला नाही. आपण तर त्यांच्यावरच हसतोय. त्यांना ते कळत नाही, एवढंच."

"मग कळणार कधी? माझे केस पांढरे झाल्यावर?"

डॉक्टर समजुतीने म्हणाले, "अरे, हशा मिळतोय, आणखी काय हवं? मी तोंडाला काळं फासतो तेव्हा मलाही हसतातच की."

"तुम्ही घरी जाताना ते धुता, डॉक्टर."

काकांनी उगाचच माझी दोरी सोडून पुन्हा बांधली. नाटक बंदच करावे, असे बाई म्हणाल्या. ड्रायव्हरच म्हणाला, "नको. एक प्रयोग मला करू द्या. फक्त मी थांबलो तर कुणी घाबरू नका. आणि काका, काहीही झालं तरी पडदा पाडायचा नाही."

रविवारी दुपारचा प्रयोग. मी उघडलो. ड्रायव्हर आला, मधोमध उभा राहिला, त्याने बटण लावले. हशा आला. पुढे त्याचे भाषण होते, पण तो बोललाच नाही. नुसता बघत राहिला. हशा विरळ झाला, एकदोघांनी तो उगाच ताणला, मग तोही विझला. कोणीतरी खोकले. काकांच्या तळहाताचा घाम दोरीतून मला जाणवत होता.

तेव्हा ड्रायव्हर अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मी अजून काही बोललो नाहीये."

कुणी हसले नाही, असे मी म्हणणार नाही. काही जण आणखी जोरात हसले. एक गृहस्थ ताडकन उठून निघून गेले. पाचव्या रांगेत एका लहान मुलीने मोठ्याने विचारले, "बाबा, मग आपण का हसलो?"

"गप्प बस," बाबा म्हणाले. पण पूर्ण अंकभर ते स्वतःही गप्पच होते.

त्या दिवशी सगळे हशे आपापल्या जागा सोडून भलतीकडेच पडले. जिथे गडगडाट व्हायचा तिथे शांतता. सल्लागारांच्या साध्यासुध्या बोलण्यावर मात्र लोक पोट धरून हसले. नगरसेवक दुसऱ्यांदा आले होते. ते दुसऱ्या अंकात उठून गेले. पाठोपाठ विरोधी पुढारीही गेले. दोघे एका गोष्टीवर सहमत झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

पुढच्याच आठवड्यात नाट्यगृहाला 'दुरुस्तीसाठी' कुलूप लागले. काय मोडले होते, ते कुणी सांगितले नाही. मला उतरवून कोठीच्या खोलीत टाकले. तिथे उंदरांनी माझी खालची कड कुरतडली. दोन वर्षे मला कुणी विचारले नाही.

परवा शिंपीणबाई आल्या. आता त्यांना सुईत दोरा ओवायला चारदा प्रयत्न करावे लागतात. मला मांडीवर घेऊन त्या भोके बुजवत होत्या आणि शेजारी बसलेल्या काकांना सांगत होत्या, की नाटक आता बस डेपोच्या शेडमध्ये चालते, पडद्याविना. "परवा तो आला, उभा राहिला, आणि कुणीच हसलं नाही हो. त्यालाच धक्का बसला. भाषणच विसरला!" आणि हे सांगताना शिंपीणबाई डोळे पुसत एवढ्या हसल्या, की सुई माझ्यात रुतून बसली.

म्हणजे तिथे हसायचे होते की नव्हते? मला अजूनही कळलेले नाही, मित्रांनो. माझे आयुष्य दोन्ही बाजूंचे ऐकण्यात गेले. हशा माझ्यापर्यंत पोहोचतो, त्याचे कारण पोहोचत नाही. ते तुमच्यापाशीच राहते, तुमच्या खुर्चीत. माझी भोके कुणीतरी बुजवेल. तुम्ही निघताना तेवढे कारण उचलून बघा.