माझ्यात न छापलेली साखर

मित्रांनो, मी वाचनालयातलं एक जुनं पुस्तक आहे. वयाने म्हणाल तर फार जुनं नाही. हाताळून हाताळून जुना झालोय. एका गाजलेल्या नटीने आपल्या खाण्यापिण्याच्या आठवणी लिहिल्या, त्या म्हणजे मी. मुखपृष्ठावर ती हातात पळी धरून हसते आहे. पळी कुठल्या बाजूने धरतात हे तिला फोटोवाल्याने सांगितलं असावं.

सुरुवातीला माझा काय थाट होता! ग्रंथपालबाईंनी मला जाड प्लास्टिकचं कव्हर घातलं. माझ्यासाठी नंबर लागायचे. एक बस कंडक्टर मला वाचता वाचता एवढा हसला की त्याचा चहा माझ्यावर सांडला. एका नवऱ्याने माझ्यात बघून बायकोसाठी ऑम्लेट केलं. त्याच्या लोण्याचा अंगठा अजून माझ्यावर आहे. नटीने एके ठिकाणी लिहिलंय, ‘दोन मिनिटांत कांदा सोनेरी होतो.’ त्याच्या शेजारी कोणी पेन्सिलीने लिहिलं, ‘खोटं!’ त्याखाली दुसऱ्याने, ‘साफ खोटं!’ आणि तिसऱ्याने, ‘बाईंचा गॅस आमच्याकडे पाठवा.’ ग्रंथपालबाई चरफडत खोडत बसल्या. मला मात्र गुदगुल्या झाल्या.

मग नटी मागे पडली आणि तिच्याबरोबर मीही. वरच्या फळीवरून मधल्या फळीवर, तिथून अगदी खालच्या फळीवर. तिथे माणसांचे फक्त पाय दिसतात. धूळ खाणं म्हणजे काय, ते खाण्याच्या पुस्तकाला तिथे कळलं.

एके दिवशी लाँड्रीच्या काउंटरवर काम करणारी एक मुलगी माझ्यासमोर उकिडवी बसली आणि मला घरी घेऊन गेली.

घरी तिची आई भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटर होती ती. बोलण्यात कोणाला हार जाणारी नव्हे. पण मोठं आजारपण झालं आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिसायचं अंधुक. डॉक्टर म्हणाले होते, अंगात ताकद आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही. आणि ताकद येणार कुठून? घास तोंडात घातला की ती म्हणायची, “कागद चावल्यासारखं लागतं गं. नको.”

मुलगी उशाशी बसून मला मोठ्याने वाचू लागली. केक झाले, लोणी झालं, नटीच्या आत्याच्या घरचा ताजा पाव झाला. आई ढिम्म. कांद्याचं वाक्य आलं मात्र, आणि भिंतीकडून आवाज आला, “दोन मिनिटांत? कांदा परतला की पेटवला?”

मुलगी वाचायची थांबली. कित्येक दिवसांत आई आपणहून बोलली नव्हती. तिने घाईघाईने पान उलटलं. पण पुढे सगळी आइस्क्रीमची वर्णनं होती आणि आई पुन्हा गप्प झाली.

मग ती मुलगी माझ्यावर नजर ठेवून वाचायला लागली, “‘बटाट्याचं सूप करताना मी कांदा सोलतच नाही. सालासकट टाकते.’”

मित्रांनो, हे माझ्यात कुठेही छापलेलं नाही! मी हादरलोच. पुस्तकाला घाम फुटत नाही हे बरं, नाहीतर माझी पानं चिकटली असती.

“सालासकट?” आई कुशीवर वळली.

“हो ना. ‘आणि वर चार चमचे साखर.’”

“सुपात? अगं, हिला घरात कोणी विचारणारं नाही का?”

“‘बटाटे मी धूतही नाही. मातीनेच खरी चव येते.’”

“जळ्ळं मेलं ते लक्षण!” आई उठून बसली. “आण इकडे माझी चप्पल.”

भिंतीला धरत धरत ती स्वयंपाकघरात गेली. मुलीने मला ओट्यावर ठेवलं. आईने चाचपून बटाटे धुतले, कांदा सोलला, आणि कांदा परतायला चांगला वेळ घेतला. “तू वाच तिचं. मी माझं करते. बघूच.” मुलगी मनचं वाचत राहिली, आई नटीचा उद्धार करत राहिली. शेवटी आईने पळीतलं थोडं सूप तळहातावर घेतलं. चाखल्याशिवाय काही हे भांडण जिंकता येणार नव्हतं. तिने ते जिभेवर घेतलं आणि गिळलं.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली. “पण सूप आहे. वाटी दे.”

मुलीने वाटी दिली आणि माझ्याआड तोंड लपवलं. माझं एक पान तिथे अजून जरा फुगलेलं आहे.

त्यानंतर नटीने माझ्यात नसलेले पुष्कळ प्रताप केले आणि आई दर वेळी उठून तिला धडा शिकवत राहिली. मुलगी माझी मुदत वाढवून घ्यायची. आई अंगाने भरली, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि मी पुन्हा माझ्या फळीवर आलो.

मग एक दिवस नव्या चष्म्यातून वाकून बघत आई स्वतःच वाचनालयात आली. “ती अडाणी नटी कुठेय?” तिने ग्रंथपालबाईंना विचारलं. “सुपात साखर घालते ती.”

“साखर?” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “मी दोनदा वाचलंय. असं काही नाही त्यात.”

“तुम्ही पानं गाळून वाचता.”

मला घेऊन ती खिडकीपाशी बसली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गेली, मग उलटी आली. साल नाही, साखर नाही, माती नाही. बराच वेळ तिने मला मांडीवर नुसतंच धरून ठेवलं. मग चष्मा पुसला आणि मला घरी नेलं.

मुलगी कामावरून आली. दोघी जेवायला बसल्या तेव्हा आईने मला तिच्यापुढे सरकवलं. “ते सालासकट कांद्याचं वाच ना पुन्हा.”

मुलीचा घास हातातच राहिला. “कितवं पान होतं गं?”

“मला काय माहीत? मला तेव्हा दिसत होतं का?”

मुलीने त्या स्वच्छ डोळ्यांकडे पाहिलं. घसा खाकरला. मला मधूनच कुठेतरी उघडलं आणि म्हणाली, “‘कांदा मी सोलतच नाही...’”

“काय बाई तरी,” आई म्हणाली, आणि जेवत जेवत ऐकू लागली.

मित्रांनो, पुस्तकं हाताळताना हात पुसा, पानं दुमडू नका. ग्रंथपालबाईंसाठी एवढं सांगायलाच हवं. माझं स्वतःचं मागणं वेगळं आहे. आम्हाला खालच्या फळीवर विसरू नका. घरात कोणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याच्या उशाशी बसून आम्हाला मोठ्याने वाचा. आणि छापलेलं कमी पडलं, तर खुशाल पदरचं घाला. नटीची समजूत मी काढीन.